चारही इंजेक्टर एका पंगतीला: जुन्या डिझेल इंजिनाचे नोझल खोलणं, बांधणं आणि जुळवणं

आमच्याकडे महिंद्राची एक जुनी जीप आहे. काकांनी देपालपूरच्या शेतावर ये-जा करायला घेतलेली. काका गेल्यावर ती इंदूरला, लोकमान्य नगरच्या आमच्या घरासमोर येऊन उभी राहिली. इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. नावातच हिशेब आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) ९० मिलिमीटर, मिळून २११२ सीसी. जानेवारीच्या थंडीत सेल्फ मारला की गल्लीभर पांढरा धूर, आणि मानपूरचा घाट चढताना मागच्या गाडीला काही दिसणार नाही इतका काळा.

पहिल्या हिवाळ्यात मी फक्त मिस मारणाऱ्या सिलिंडरचा नोझल, म्हणजे इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक, बदलला. नवा नोझल १२० बारला (बार हे दाबाचं माप) उघडत होता आणि बाकीचे तिघे ९५ ते १०५च्या मध्ये कुठेतरी. मिस थांबला, पण आयडलची थरथर गेली नाही, धूरही गेला नाही. पुढच्या वर्षी चारही उतरवले, साफ केले, टेस्टरवर एकमेकांशी जुळवले, तेव्हा तेच इंजिन सकाळी हीटर (ग्लो प्लग) तापवून दुसऱ्या सेल्फला लागायला लागलं. चार सिलिंडरच्या इंजिनात एक उत्तम इंजेक्टर आणि तीन थकलेले यापेक्षा चार सारखे मध्यम इंजेक्टर कधीही बरे. खालचं सगळं ह्याच एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

हे जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांपुरतं आहे: जीप, ट्रॅक्टर, विहिरीवरचं इंजिन, जुना जनरेटर. कॉमन रेलच्या (नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीला ह्यातलं काहीही लावू नका. तिथली प्रेशर हजार बारच्या वर जातात आणि तिथलं काम वेगळ्या यंत्रांवर होतं.

आधी इंजेक्टरची ओळख

आपल्याकडचे जुने मेकॅनिक त्याला ‘अ‍ॅटमायझर’ म्हणतात, आणि ते नाव अगदी बरोबर आहे. पंपाकडून आलेल्या डिझेलचं धुकं करणं हेच त्याचं काम. आत एक सुई असते, तिच्यावर स्प्रिंगचा दाब. पंपाचं प्रेशर स्प्रिंगहून जास्त झालं की सुई उचलते, डिझेल फवारलं जातं, प्रेशर उतरलं की सुई टक्कन सीटवर, म्हणजे भोक बंद करणाऱ्या तिच्या जागेवर, बसते. फुल लोडला माझ्या जीपसारख्या इंजिनाच्या एका सिलिंडरात एका वेळी जाणारं डिझेल ड्रॉपरच्या एका थेंबाहून कमी भरतं. २००० आरपीएमला हे मिनिटाला हजार वेळा होतं, दर सिलिंडरमागे.

सुई आणि तिच्या बॉडीमधली फट असते २ ते ४ मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणून सुई आणि बॉडी ही कारखान्यातच एकमेकांशी घासून जमवलेली जोडी असते. एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही, एकदासुद्धा नाही, ‘बघू बसते का’ म्हणूनही नाही.

जुन्या इंजिनांत मुख्यत: दोन जाती भेटतात. माझ्या एक्सडीपीसारख्या इनडायरेक्ट इंजिनात, म्हणजे जिथे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या चेंबरात जळतं तिथे, पिंटल नोझल असतो: एकच भोक आणि त्यातून डोकावणारं सुईचं टोक. तो साधारण ११० ते १५० बारला उघडतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात अनेक बारीक भोकांचा नोझल असतो, तो साधारण १७५ ते २५० बारला. ही ढोबळ पट्टी आहे. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच धरायचा.

नोझलवर बारीक अक्षरांत कोड कोरलेला असतो. बॉशच्या पद्धतीत ‘डीएन’ने सुरू होणारा पिंटल, ‘डीएलएलए’ने सुरू होणारा अनेक भोकांचा लांब नोझल. भिंग घेऊन चारही कोड वाचा आणि वहीत उतरवा. जुन्या गाडीत चारांत दोन वेगळे कोड निघणं मुळीच दुर्मीळ नाही. कधीतरी कुणीतरी ‘हाताशी होता तो’ घातलेला असतो. आपल्याकडे अजूनही सगळे ‘मायको’ म्हणतात ती कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि २००८ पासून तिचं नाव बॉश लिमिटेड आहे. त्यामुळे जुन्या डबीवर एक नाव आणि नव्यावर दुसरं दिसलं तर गोंधळू नका, कोड जुळवा.

खोलण्याआधी इंजिन तपासा

ट्रान्सपोर्ट नगरातल्या ज्या उस्तादांकडे मी शिकलो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “पहले कम्प्रेशन दिखाओ, फिर नोझल खोलेंगे.” कम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाण्याचा जोर) गेलेल्या सिलिंडरला जगातला कोणताही नोझल वाचवू शकत नाही. कम्प्रेशन बघा, व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघा, एअर फिल्टर बघा. काळा धूर कित्येकदा नुसत्या चोंदलेल्या एअर फिल्टरचा असतो. निळा धूर ऑइल जळण्याचा, त्याचा इंजेक्टरशी संबंध नाही. पांढरा धूर आणि डोळे चुरचुरवणारा कच्च्या डिझेलचा वास असेल, थंडीत जास्त आणि इंजिन तापल्यावर कमी होत असेल, तर संशय हीटर, टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) आणि इंजेक्टर या तिघांवर. हीटर तपासणं सर्वांत सोपं, ते आधी करा.

मग आयडलला एकेक सिलिंडर बंद करून बघायचा. इंजेक्टरवरचा पाइपचा नट कापडाने झाकून जरासा सैल करा. त्या सिलिंडरचं डिझेल बाहेर सांडायला लागतं. इंजिनाचा आवाज पडला, म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, म्हणजे तो आधीपासूनच झोपलेला. चौघांचं वहीत लिहा: आवाज किती पडला, ठोका थांबला का, धूर कमी झाला का. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हात सैल नटाच्या समोर येऊ द्यायचा नाही.

काढणं

इंजेक्टरच्या भोवतीची माती आधी हवेने उडवा, डिझेलने धुवा, पुन्हा हवा मारा. माळव्याची काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते आणि एकदा भोकातून आत गेली की थेट सिलिंडरात. मग उरलेलं डिझेल परत नेणारी रिटर्नची बारीक लाइन, मग प्रेशर पाइप. पाइप दोन्ही टोकांना सोडा, एका टोकाला सोडून वाकवू नका. वाकवलेला पाइप आतून पापुद्रे सोडतो आणि ते पुढच्या नोझलमध्ये जाऊन बसतात. उघड्या तोंडांना लगेच टोपणं. टोपणं नसतील तर स्वच्छ प्लास्टिक घट्ट बांधा. चिंधी कोंबू नका.

काही हेडमध्ये इंजेक्टर क्लॅम्पने दाबलेला असतो, काहींत आट्यांनी बसवलेला. क्लॅम्पवाला अडकला असेल तर भोवती गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पान्याने डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत वर काढा. खालून पहार घालून उचकटलात तर नोझलचं टोक हेडमध्ये राहतं, आणि मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

इंजेक्टर निघाला की टॉर्च मारून भोकाचा तळ बघा. तांब्याचा जुना वायसर (वॉशर) बहुतेक वेळा तिथेच चिकटून राहतो. तो न काढता वर नवा घातला की नोझल तेवढा वर राहतो आणि डिझेल चुकीच्या जागी फवारतं. ही चूक बाहेरून दिसत नाही, आणि नंतर पंपापासून टायमिंगपर्यंत सगळ्यावर उगाच संशय घेतला जातो. वायसर मोजून चारच्या चार बाहेर आलेत ना, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चार वाट्या

मी स्वयंपाकघरातून स्टीलची एक परात आणि चार वाट्या मागून आणतो. वाटीवर मार्करने १, २, ३, ४. एका इंजेक्टरचं सगळं एकाच वाटीत: नोझल, स्प्रिंग, शिम (स्प्रिंगचा दाब जुळवणारी पातळ चकती), खालचा कॅप नट. गाळलेलं स्वच्छ डिझेल वाटीत ओतायचं. पंखा बंद, खिडकी बंद, हात साबणाने धुतलेले. चिंधीतून सुटलेला सुताचा एक तंतूसुद्धा दोन-चार मायक्रॉनच्या फटीपुढे दोरखंड आहे, म्हणून कोरडं पुसायचंच नाही. डिझेलमध्ये धुवायचं आणि ओलंच जोडायचं.

बाहेरचा कार्बन पितळी तारेच्या ब्रशने. लोखंडी ब्रश किंवा पॉलिश पेपर नोझलच्या तोंडाला लावायचा नाही. पिंटलचं भोक टोकदार केलेल्या लाकडी काडीने साफ करा. अनेक भोकांचा नोझल असेल तर त्या मापाची साफ करायची तार मिळते, ती वापरा. शिवणाची सुई घातली तर भोक मोठं होतं आणि नोझल कायमचा गेला.

आता सुईची परीक्षा. ह्या कामात मला सर्वांत जास्त आवडणारा क्षण हाच. नोझलची बॉडी आणि सुई स्वच्छ डिझेलमध्ये बुडवून काढा. बॉडी हातात थोडी तिरपी धरा, सुई एक तृतीयांश बाहेर ओढा आणि सोडून द्या. ती स्वत:च्या वजनाने, हळूच, न थबकता आत सरकत गेली पाहिजे. घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी सावकाश नाही, आणि दगड विहिरीत पडल्यासारखी धप्पकनही नाही. मग सुई थोडी फिरवून पुन्हा, आणखी फिरवून पुन्हा. एका ठिकाणी अडकत असेल तर पुन्हा धुवा. तीनदा धुवूनही त्याच जागी अडकली तर ती सुई वाकली आहे किंवा घासली गेली आहे. भिंगाखाली सुईचा सरकणारा भाग बघा. आरशासारखा चकचकीत हवा. निळसर झाक असेल तर नोझल तापला आहे. उभ्या रेघा असतील तर डिझेलमधून कचरा गेला आहे, आणि करडे डाग असतील तर पाणी.

सुई आणि सीट पेस्ट लावून घासून ‘नवी’ करून देतो म्हणणारे भेटतील. इंदुरातच एका दुकानात माझे दोन नोझल असे घासून मिळाले आणि दोन्ही महिनाभरात टपकायला लागले. सुईच्या टोकाचा कोन आणि सीटचा कोन मुद्दामच अगदी थोडा वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे सील एका बारीक कडेवर होतं. एकमेकांवर घासलं की तीच कड रुंद होते. सीट बिघडली असेल तर नोझल बदलणं हाच उपाय. घासायचं असेल तर नोझलची वरची सपाट बाजू, जिथे ती होल्डरवर बसते. ती सपाट काचेवर किंवा सरफेस प्लेटवर, अगदी बारीक पेस्टने, इंग्रजी आठच्या आकारात हलक्या हाताने. नंतर पेस्टचा कणही राहू नये म्हणून धुवून, धुवून, पुन्हा धुवून.

स्प्रिंग चारही शेजारी उभ्या ठेवा. एखादी बुटकी किंवा वाकडी दिसली तर चारही बदला. होल्डरमध्ये बसवून कॅप नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. ‘अजून जरा’ म्हणून जास्त आवळलं की नोझलची बॉडी दबते आणि मगाशी अलगद सरकणारी सुई आत जाम होते.

टेस्टरवर

टेस्टर म्हणजे हाताने मारायचा छोटा पंप, त्यावर प्रेशरचं घड्याळ आणि इंजेक्टर जोडायला पाइप. इंदूरच्या सियागंज बाजारात मिळतो, पण घेण्याआधी पंप-नोझलच्या दुकानात अर्धा दिवस उभं राहून बघा. त्यांच्याकडे आपले इंजेक्टर नेऊन समोर टेस्ट करून घेणं हाही पूर्ण योग्य मार्ग आहे.

काहीही करण्याआधी हे वाचा. नोझलमधून निघणारा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत डिझेल पसरून मांस मरायला लागतं. बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर हळद, पट्टी, ‘उद्या बघू’ काही नाही. थेट (इंदूरच्या) एमवाय रुग्णालयात किंवा सर्जन असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा आणि ‘प्रेशरने डिझेल आत गेलंय’ हे स्पष्ट सांगा. फवारा नेहमी पारदर्शक भांड्यात सोडा, चष्मा घाला. डिझेलचं धुकं पेट घेतं, तेव्हा विडी, हीटर, ठिणगी काही जवळ नको.

पहिली गोष्ट उघडण्याचं प्रेशर. आधी दोन-चार जोरदार हात मारून हवा काढा, मग हळू दांडा दाबत घड्याळाचा काटा बघा. सुई उचलते तिथे काटा थबकून मागे येतो. तो आकडा लिहा. माझे चौघं जसे निघाले तसे: ११८, ९५, १०४, १०१. पहिला म्हणजे आदल्या वर्षी बदललेला.

दुसरी, टपकणं. टोक पुसून कोरडं करा, उघडण्याच्या प्रेशरच्या १० ते २० बार खाली प्रेशर नेऊन १० सेकंद धरून ठेवा. टोक ओलसर झालं तर चालेल, थेंब पडता कामा नये. थेंब पडणारा नोझल म्हणजे कार्बन, धूर आणि शेवटी पिस्टनला भोक.

तिसरी, आवाज आणि आकार. चांगला पिंटल हळू दाबल्यावर कुरकुरतो. सुताराने करवतीचा दात घासावा तसा बारीक, सलग ‘कर्र-कर्र’. हा आवाज एकदा कानात बसला की बिघडलेला नोझल न बघता ओळखता येतो. काही पिंटल मात्र थ्रॉटलिंग जातीचे असतात. ते हळू मारल्यावर नीट धुकं करत नाहीत, जोरात मारल्यावरच करतात, त्यांना उगाच नापास करू नका. जोरदार हाताला फवारा सरळ, सारखा आणि चारी बाजूंनी एकसारखा दिसायला हवा. एका बाजूला कललेला, दोरीसारखा किंवा शेपूट सोडणारा नको.

चौथी, मागची गळती. सुईच्या बाजूने थोडं डिझेल वर जाऊन रिटर्न लाइनला लागतं, ते सुईचं वंगणच आहे. पण टोक कोरडं असूनही घड्याळाचा काटा भराभर खाली येत असेल तर सुई झिजली. चौघांचा उतरण्याचा वेळ मोजून एकमेकांशी ताडा.

जुळवणी

आता आकडे सारखे करायचे. काही होल्डरमध्ये वर ॲडजस्टिंग स्क्रू असतो, काहींत स्प्रिंगखाली शिम. शिमचा ढोबळ हिशेब: ०.०५ मिलिमीटर जाड शिमने साधारण ५ बार वाढतात. शिम मायक्रोमीटरने मोजा, डोळ्यांनी नाही. समजा मॅन्युअलमध्ये १२० लिहिलं आहे, तर चौघांत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा ह्यांत ३ बारपेक्षा जास्त अंतर राहू नये, एवढा माझा आग्रह आहे. पुस्तकं जरा सैल माप देतात. घरी बसून काम करणाऱ्याला घाई नसते, त्याने एवढं करावं. स्प्रिंग नव्या असतील तर आठ-दहा बार वर बांधा, कारण नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत थोडी बसते. मात्र चौघांच्या नव्या किंवा चौघांच्या जुन्या. दोन-दोन नाही.

प्रेशर कमी असलेला इंजेक्टर आधी उघडतो, उशिरा बंद होतो आणि फवारा जाड सोडतो. म्हणजे त्या सिलिंडरात डिझेल लवकर आणि जास्त. शेजारचा जास्त प्रेशरचा असेल तर तिथे उशिरा आणि कमी. क्रँकशाफ्टला हे दोन वेगळे धक्के बसतात, तीच आयडलची थरथर. म्हणून एक नोझल निकामी निघाला तर चार घ्या: एकाच कोडचे, एकाच कंपनीचे, जमल्यास एकाच वेळी आलेल्या मालातले. नक्कल बाजारात आहे, पक्कं बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या आणि कोरीव कोड घरी भिंगाने पुन्हा वाचा. जुने तीन चांगले असतील तर फेकू नका.

हाताच्या टेस्टरवर किती डिझेल जातं ते कळत नाही. ते पंपाच्या मोठ्या बेंचवरच मोजतात: ठरावीक स्ट्रोक, चार काचेच्या नळ्या, चारांत पातळी सारखी. इथे तुमचा पंप कोणता आहे ते महत्त्वाचं. रोटरी पंपात डिझेल दाबणारी एकच यंत्रणा चारही सिलिंडरांना वाटप करते, त्यामुळे फरक आला तर संशय आधी इंजेक्टर आणि पाइपवर. ओळीतल्या पंपात प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबणारा वेगळा एलिमेंट असतो. तिथे इंजेक्टर अगदी जुळलेले असले तरी पंप बेंचवर बांधून घेतल्याशिवाय काम पुरं होत नाही. पंप स्वत: घरी उघडू नका.

पाइपही जुळवणीतच येतात. चारही पाइपांची लांबी आणि आतलं भोक सारखं हवं. पूर्वी कुणी एखादा पाइप दुसऱ्या गाडीचा लावला असेल तर तो बदला. पाइपचं टोक वारंवार आवळून आत दबलेलं असतं, त्यातून उजेड बघा.

परत बसवणं

नवे तांब्याचे वायसर, चारही एकाच जाडीचे. उष्णता अडवणारा वेगळा वायसर असेल तर त्याची बाजू मॅन्युअलमध्ये बघून बसवा, उलटा बसला तर नोझल तापतो. क्लॅम्पचे दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. सगळ्याच्या आधी डिझेल फिल्टर नवा घाला आणि टाकीच्या तळाचं पाणी काढा. पावसाळ्यानंतर आमच्या टाकीतून मी चहाचा पेला भरेल इतकं पाणी काढलं आहे. त्या पाण्यासकट नवे नोझल लावणं म्हणजे पैसे गटारात टाकणं.

एअर काढून इंजेक्टरचे नट सैल ठेवा, सेल्फ मारा, चारही ठिकाणी बुडबुड्यांशिवाय डिझेल आलं की आवळा. इंजिन लागल्यावर वायसरपाशी साबणाचं पाणी सोडा. फेस उडाला तर तिथून कम्प्रेशन गळतंय, पुन्हा बसवा. मग तापलेल्या इंजिनावर तीच एकेक सिलिंडर बंद करण्याची परीक्षा, आणि आधीच्या वहीतल्या नोंदीशी तुलना. चौघांनाही आवाज सारखाच पडायला हवा.

माझे चौघं शेवटी १२०, १२१, ११९, १२१ असे बांधले गेले. ते आकडे, तारीख आणि मीटरचं रीडिंग मी टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलं आहे. हजार किलोमीटरनंतर पाइपचे नट आणि रिटर्न लाइन गळते का ते बघितलं. पुढच्या हिवाळ्याआधी चौघांना पुन्हा टेस्टरवर चढवायचं आहे. उतरवलेले जुने तीन नोझल डिझेलचा हात लावून, प्रत्येक सुई आपापल्या बॉडीत ठेवून, नंबर लिहिलेल्या डब्यांत आहेत.